बिनतारी माउसला बांधलेली दोरी

आमगावात सरांच्या टायपिंग क्लासमध्ये माउस भिंतीवर टांगलेले असत. खिळ्यांची एक लांब रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला एकेक माउस शेपटीनं लटकलेला. नवीन आलेली पोरं-पोरी ते बघून आधी हसायची. मग कळायचं, की पहिला महिनाभर त्यातला एकही खाली उतरणार नाही. तेव्हा हसू जायचं.

"माउस कायले पाहिजे?" सर विचारायचे. "दाही बोटं दिली ना देवानं? आधी ते वापर."

हे वाक्य त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, मला कधी ऐकवलं नाही. मला पाचच आहेत. उजवा हात कोपराच्या वरून नाही. दहावीच्या वर्षी धानाच्या मळणीत, मशीनमध्ये गेला. हे एकदाच सांगून टाकते, कारण हे वगळून सरांबद्दल सांगायला गेले तर अर्धे सर राहून जातील.

सर म्हणजे उंच, वाळके, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि कायम अंगावर कुठे ना कुठे दोरी. तहसिलीत टायपिस्ट म्हणून सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर स्टेशनच्या रस्त्यावरच्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी क्लास काढला. सुरुवातीला टाइपरायटर होते, नंतर कॉम्प्युटर आले. टाइपरायटर भंगारात देताना त्यांनी एक ठेवून घेतला. काकूंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच्यावर झाकलेला असे. रोज सकाळी क्लास उघडण्याआधी ते त्याच्यावर एक पान बडवायचे. काय लिहायचे, ते कोणी वाचलं नाही, कारण बऱ्याच वर्षांपासून त्याची रिबन वाळलेली होती. कागद कोराच बाहेर यायचा. "हात मोकळे कराचे असते," असं ते म्हणायचे.

दोरीचं वेड मात्र सगळ्या आमगावाला माहीत होतं. चष्म्याला दोरी, किल्ल्यांना दोरी. छत्री सायकलच्या दांडीला सुतळीनं बांधलेली, त्यामुळे पाऊस आला की आधी सायकल थांबवायची, गाठ सोडायची आणि तोवर भिजून घ्यायचं. क्लासच्या टेबलावरचा पेन टेबलाच्या खणाच्या कडीला बांधलेला होता. एकदा कोणीतरी बाहेरून हाक मारली म्हणून सरांनी तो पेन सवयीनं खिशाला लावला आणि तरातरा दाराकडे निघाले. खण सुटून धाडकन खाली आला. टाचण्या, स्टॅम्पपॅड, सुपारी, सगळं घरभर झालं. आम्ही तोंडावर हात ठेवून हसत होतो. सर मागे न वळता म्हणाले, "पाहा. दुसऱ्या कोनी नेला असता, तं आत्ता पकडला असता."

"मले नाही बांधून ठेवलं, एवढंच माहं नशीब," काकू आतून म्हणाल्या.

काकू म्हणजे सरांची बायको. बुटक्या, गोऱ्या, आणि क्लासमधल्या सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजाच्या. क्लासची खोली आणि त्यांचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. सरांच्या तोंडात दोन मराठ्या होत्या. एक आमच्या सगळ्यांची, झाडीपट्टीतली. दुसरी सरकारी पत्रांतली, नोकरीभर टाइप करून करून बोटांतून जिभेवर चढलेली. रागावले की दुसरी सुरू व्हायची. चहाला उशीर झाला की पडद्याकडे तोंड करून ते म्हणायचे, "विषयांकित प्रकरणी दोन स्मरणपत्रं दिली. अद्याप कार्यवाही नाही."

"दूध फाटलं," पडद्यामागून उत्तर यायचं. "आनून द्या, मंग करतो कार्यवाही."

शिकवताना सर डोळे मिटून बसत. आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. कोण किबोर्डकडे बघून टाइप करतं, कोण अंगठ्याऐवजी तर्जनीनं स्पेस मारतं, कोणाचं लक्ष बाहेर गेलं. "खिडकीपाशी कोन आहे? 'ज्ञ' शोधून राहिली का व? शिफ्ट दाब, सापडते." पोरगी दचकून शिफ्ट दाबायची. आणि एक नियम सगळ्यांत मोठा होता, हात किबोर्डवरून उचलायचा नाही. माउसवर त्यांचा राग होता तो याच्यामुळेच. "हात उचलला का लय तुटते," ते म्हणायचे. "मंग तुमी टाइप नाही करत, टोचता."

बाबा मला घेऊन त्यांच्याकडे गेले, त्याआधी दोन ठिकाणी जाऊन आले होते. एका क्लासवाल्यानं बाबांना बाजूला नेऊन हळूच सांगितलं होतं, "भाऊ, उगीच कायले त्या पोरीले त्रास?" बाबा धानाचे शेतकरी, मोठ्या आवाजात बोलायची त्यांना सवय नाही. सरांसमोरही ते हात जोडून सुरू झाले, "गुरुजी, हिचा असा आहे, म्हंजे तेव्हा मळणीच्या टायमाले..."

"तिले बोलता येते ना?" सरांनी मधेच विचारलं. मग माझ्याकडे वळले. "कायले शिकाचं आहे तुले?"

"तहसिलीत ऑपरेटर व्हाचं आहे."

"स्पीड लागते तिथं."

"करीन."

त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. माझा हात हातात घेऊन बोटं ताणून पाहिली, शिंपी कापड ओढून बघतो तशी. करंगळी किती लांब जाते, अंगठा किती आत वळतो. आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात ये. आत्ता माही तयारी नाही."

  नकार देण्याची ही आणखी एक रीत, असंच आम्हा दोघांना वाटलं.

पुढच्या महिन्यात मी गेले, ते केवळ हट्टानं. आणि सर दारातच उभे होते. "उशीर केला," म्हणाले. आत टेबलावर एक पुठ्ठा होता. त्याच्यावर किबोर्ड काढलेला आणि प्रत्येक अक्षराखाली डाव्या हाताच्या बोटाचं नाव. एकाच हातानं पूर्ण किबोर्ड कसा फिरायचा, त्याचा नकाशा.

मधल्या काळात काय झालं होतं, ते काकूंनी मला नंतर सांगितलं. सरांनी आपला उजवा हात दुपट्ट्यानं कंबरेला आवळून बांधून घेतला होता. दिवसभर डाव्या हातानं टायपिंग. जेवण डाव्या हातानं, आंघोळ डाव्या हातानं. काकू म्हणाल्या, "मी म्हटलं, जेवताना तं सोडा. तं म्हनते, तिचा सोडता येते का? वरन सांडलं अंगावर, भात सांडला. मी काय बोलू? मी चमचा देल्ला."

सरांना मी विचारलं, तर त्यांनी एवढंच सांगितलं, "मले येत नाही ते मी शिकवत नाही."

त्या नकाशात चुका होत्या. सरांचा पंजा मोठा, माझा लहान, त्यांची करंगळी जिथे सहज जाई तिथे माझी पोचत नसे. मी म्हटलं, "सर, हे अक्षर अंगठीच्या बोटानं बरं पडते." ते डोळे मिटून बसले. "मार." मी मारलं. "परत मार." परत मारलं. मग त्यांनी खोडरबर घेतलं आणि पुठ्ठ्यावरचं बोट बदललं. असं करत करत तो पुठ्ठा इतका खोडला गेला, की मधे भोक पडलं. नवीन पुठ्ठा आला, त्याच्यावरचा नकाशा मी काढला.

माझा स्पीड वाढला. इतका वाढला, की शेजारची पोरं टाइप करताना थांबून ऐकायची. आणि तेव्हा माउस आडवा आला.

परीक्षेत नुसता उतारा नसतो. पत्र मांडायचं असतं, तक्ता काढायचा असतो, कुठे अक्षर ठळक करायचं, कुठे ओळ उचलून दुसरीकडे न्यायची. बाकीच्यांचा एक हात माउसवर गेला तरी दुसरा किबोर्डवर असतो. माझा हात माउसकडे गेला की किबोर्ड रिकामा. सर डोळे मिटून ऐकायचे आणि प्रत्येक वेळी शांतता झाली की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. एक दिवस ते उठले, खिळ्यावरचा एक माउस काढला आणि माझ्या टेबलाखाली जमिनीवर ठेवला.

"चप्पल काढ," म्हणाले. "तुले पाय दोन आहेत ना?"

पहिले काही दिवस बाण पडद्यावर भलतीकडेच पळायचा. अंगठ्यानं डावं बटण, दुसऱ्या बोटानं उजवं. पोटरीत गोळे यायचे. पण येऊ लागलं. वैताग होता तो तारेचा. तार टेबलावरून खाली लोंबायची, जेमतेम पुरायची, पायाच्या बोटांत अडकायची. नेमका तक्ता निवडायला जावं आणि तार ओढली गेली की बाण उडून कोपऱ्यात. सरांनी नाना उपाय केले. तार टेबलाच्या पायाला बांधून पाहिली. मग काकूंची एक जुनी बांगडी टेबलाच्या कडेला अडकवून तिच्यातून तार ओवली. मग तारेला मधे छोटं वजन लावलं. माझ्या टेबलाखाली विहिरीवरच्या रहाटासारखं काहीतरी तयार झालं होतं.

एक दिवस मी म्हटलं, "सर, बिनतारी माउस मिळते ना आता."

खोलीतली खटखट थांबली. सरांच्या पुढे बिनतारी माउसचं नाव काढायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वी कोणी एक आणला होता, तर सरांनी त्याला टांगायला शेपूट नाही म्हणून क्लासमध्ये घेतला नव्हता.

"ज्याले तार नाही," सर म्हणाले, "त्याचा भरवसा नाही. तो कवा बंद पडन, कवा हरवन, कोनाच्या खिशात जाईन. आतमंधी सेल. सेल संपला का मेला. अन तू परीक्षेत बसली आहेस. मंग?"

"सेल नवा टाकून जाईन."

"अन तरीबी मेला तं?"

"मंग मरू द्या. पन हे तार पायात घेऊन मी नापास होईन सर. ते काही सेलानं नाही होत."

ते सरकारी मराठीत गेले. "सदर प्रस्ताव विचाराधीन नाही," असं म्हणून उठून आत गेले. चार-पाच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. रोज येऊन टेबलाखालची बांगडी इकडची तिकडे करायचे आणि मी रोज तार पायातून सोडवत बसायचे.

मग एका सकाळी क्लासला कुलूप. दारावर पाटी, "आज बंद." सर आणि काकू गोंदियाला गेले होते. काकूंची बहीण तिकडे असते, तिच्याकडे जायचं कारण काढून सर गाडीत बसले आणि स्टेशनवर उतरल्यावर बहिणीच्या घराऐवजी बाजारात कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले. पुढचं काकूंनी पडद्याआडून नव्हे, क्लासच्या मधोमध उभं राहून सांगितलं. सर तेव्हा भाजी आणायला गेले होते.

"दुकानवाल्यानं माउस काढले. हे म्हनते, खाली ठेवा. तो म्हने, नीचे कहाँ अंकल? हे म्हनते, जमीन पे. अन ह्या मानसानं चप्पल काढली! एका पायाखाली तारवाला, एका पायाखाली बिनतारवाला. खुर्चीत बसून असे दोन्ही पाय फिरवून राहिले, शिलाई मशीन चालवल्यावानी. दुकानात गर्दी झाली माय. दुकानवाला म्हने, अंकल, ये क्या कर रहे हो? तं म्हनते, टेस्टिंग. हा कडक आहे, दुसरा दिखाव. तो उंच आहे, टाच टेकत नाही, दुसरा दिखाव. दुकानातले सगळे माउस पायाखाली घातले. मी बाहेर जाऊन उभी राहिली. म्हटलं, मी यायले ओळखतच नाही."

आम्ही हसून हसून लोळलो. पण माझ्या टेबलाखाली तेव्हा एक चपटा काळा माउस होता आणि त्याचं बटण अंगठ्याखाली अलगद दबत होतं. टाच आरामात टेकत होती. बाण मी म्हणेन तिथे जात होता. तो किती माउसांतून निवडून आला होता, ते मला तेव्हा कळलं. हसता हसता मी खाली वाकून उगीच पाय चोळत बसले.

अर्थात सर हरलेले नव्हते. त्या बिनतारी माउसला त्यांनी लाल दोरी बांधली होती. माउसच्या पोटाभोवती एक वेढा, आणि दुसरं टोक टेबलाच्या पायाला.

"सर, बिनतारी आहे ना हा?"

"आहे ना. मी कुठं नाही म्हटलं?" सर म्हणाले. "तार नाही. दोरी आहे."

दोरी भरपूर लांब होती, ती मधे येत नव्हती. मी राहू दिली. रोज क्लास संपला की सर खाली वाकून तिची गाठ तपासायचे. आणि रोज माउसला दोन शब्द सुनवायचे. बेभरवशाचा, उनाड, भाड्यानं आणलेला जावई, असं काय काय.

परीक्षा गोंदियाला होती. सर सोबत आले. माझ्यासाठी जास्तीच्या वेळाची परवानगी होती, ती दाखवायला त्यांना हॉलच्या दारापर्यंत येऊ दिलं. तिथल्या पर्यवेक्षक मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी परवानगीचा कागद बघितला, मान हलवली, मग माझ्या हातातला माउस बघितला.

"हे काय? वायरलेस?"

"माउस आहे मॅडम," मी म्हटलं. "मी पायानं वापरते."

"पायानं वापरा, त्याला माझी हरकत नाही. पण वायरलेस वस्तू हॉलमध्ये चालत नाही. सूचना आहे तशी. बाहेर ठेवा."

मी सरांकडे बघितलं. मला वाटलं, आता ते मला म्हणतील, सांगितलं होतं ना. इतके महिने ते हेच सांगत होते. पण सर पुढे झाले.

"कायले नाही चालत? तार नाही म्हनून का तो चोर झाला?" त्यांचा आवाज हॉलभर गेला. पोरं वळून बघायला लागली. "हा माउस फक्त आपल्या मशीनसंग बोलते. दुसऱ्या कोनासंग बोलत नाही. माहित आहे का तुमाले, किती भरवशाचा आहे? एक दिवस बंद नाही पडला. आजच्या जमान्यात असा मानूस नाही भेटत!"



मॅडमनी माउस उचलून पाहिला. दोरी लोंबत होती, सरांनी सकाळी टेबलाच्या पायाची गाठ सोडून ती तशीच आणली होती. "आणि ही दोरी कशाला?"

सरांनी दोरीचं लोंबतं टोक हातात घेतलं. "ते माह्यासाठी आहे," म्हणाले.

मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि गेलं. "काका, मला समजतंय. पण माझ्या हातात नाही. एक करता येईल, हिला लेखनिक घेता येतो. ही सांगेल, तो टाइप करेल. बसवू का कोणाला?"

सरांचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम, टायपिंगची परीक्षा आहे हे. टायपिंग तो करीन, मंग सर्टिफिकेटवर नाव कोनाचं टाकता?"

 सरांनी खिशातून कागद काढला. "अर्ज देतो मी. सदर उमेदवारास विशेष बाब म्हणून..." असं मोठ्यानं म्हणत ते भिंतीला कागद टेकवून लिहायला लागले. आत सगळी पोरं मशीनसमोर बसली होती. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. मॅडम फोन लावत होत्या, पलीकडून कोणी उचलत नव्हतं. आणि मला दिसत होतं, की सर जिंकले तरी तोवर माझी परीक्षा गेलेली असेल. हे भांडण माझं होतं आणि माझ्या वतीनं दोन मोठी माणसं ते करत होती.

"मॅडम," मी म्हटलं, "तारवाला चालते ना? इथलाच, ह्या मशीनचा?"

"तो चालतो."

"मंग सीपीयू टेबलाखाली ठेवून द्या. वर असला का तार जमिनीपर्यंत पुरत नाही. बाकी मी पाहतो."

मॅडमनी शिपायाला हाक मारली. सर वळले. "अव पन तुले तारेची सवय..."

"सर, तुमी बाहेर बसा."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागदाची घडी केली, चपला सावरल्या आणि बाहेर गेले.

हॉलमधला माउस जड होता, उंच होता, टाच टेकत नव्हती. सुरुवातीलाच तार अंगठ्यात अडकली आणि बाण उडून कोपऱ्यात गेला. मी पाय उचलला. घाम आला होता, तो सलवारीला पुसला. आणि तेव्हा लक्षात आलं, की माझा डावा पाय रिकामा बसलाय. मी डाव्या टाचेनं तार जमिनीवर दाबून धरली, पुढे थोडी सैल सोडली. आता ओढली तरी तार टाचेपर्यंतच यायची. उजवा पाय मोकळा झाला. वर डावा हात सुटला. त्या दिवशी माझ्या अंगातलं जे जे होतं ते सगळं कामाला लागलं होतं. पत्र झालं, तक्ता झाला, उतारा झाला. वेळ संपायच्या आधी मी पाठ टेकून बसले आणि आजूबाजूच्यांची खटखट ऐकली. सरांसारखे डोळे मिटून.

बाहेर पायरीवर सर बसले होते. काळा माउस मुठीत आणि दोरी बोटाला गुंडाळलेली.

"तक्ता?"

"झाला."

"शेवटची ओळ?"

"झाली."

"तार?"

"डाव्या पायानं दाबून धरली."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.  मग म्हणाले, "हे मले नव्हतं सुचलं."

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून होते. बाहेर धानाची रोवणी झालेली हिरवी शेतं मागे पळत होती. गोंदिया सुटल्यावर ते बोलले, "तू मंधात बोलली. माहं चालूच होतं."

"टाइम जाऊन राहिला होता सर."

"हाव." पुढचं स्टेशन आलं, गेलं. मग त्यांनी खिडकीकडेच बघत म्हटलं, "बरं केलं."

निकाल लागला. मी पास झाले, आणि नुसती पास नाही, दोन हातांच्या पुष्कळ जणांच्या वर. सरांनी प्रमाणपत्र उजेडात धरून वाचलं आणि पहिली गोष्ट बोलले ती ही, की आडनावातली वेलांटी चुकली आहे. ती दुरुस्त होऊन येईपर्यंत त्यांनी पेढा तोंडात घातला नाही.

बाबांना फार आनंद झाला होता. त्यांना चौकात फ्लेक्स लावायचा होता, माझा फोटो आणि खाली क्लासचं नाव. आमच्याकडे दहावी पास झालेल्याचाही लागतो. सरांनी साफ नकार दिला. बाबांना वाटलं, सरांना फ्लेक्स आवडत नाही. पण सर म्हणाले, "भाऊ, लोक स्पीड नाही पाहत. हात पाहतेन. अन म्हनतेन, वा, किती बिचारी. माह्या क्लासात कोनी बिचारी नव्हती." बाबांनी फ्लेक्स सोडून दिला. पण त्या दिवशी घरी जाताना ते रस्त्यात भेटेल त्याला थांबवून स्वतःच सांगत होते, मोठ्या आवाजात.

आता मी तहसिलीशेजारच्या सेवा केंद्रात ऑपरेटर आहे. माझा माउस टेबलाखाली असतो, बिनतारी. पहिल्यांदा आलेली माणसं बोलता बोलता हळूच वाकून खाली बघतात. मी बघू देते. बघून झालं की कागद मागते.

सरांचा क्लास बंद झाला. गुडघे दुखतात आणि काकूंनी पुढच्या खोलीत आता पलंग टाकलाय. मागच्या हिवाळ्यात सर पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी केंद्रात आले. मी खिडकीतून बघितलं आणि हाक मारली, "सर, पुढं या ना." ते जागचे हलले नाहीत. "नियमानुसार," एवढंच म्हणाले आणि रांगेत उभे राहिले, गळ्यात दोरीचा चष्मा घेऊन.

त्यांचा नंबर आला. हयातीच्या दाखल्याला बोटाचा ठसा लागतो. त्यांनी अंगठा ठेवला. मशीनवर लाल दिवा. तर्जनी ठेवली, लाल. मी ओल्या फडक्यानं बोट पुसून दिलं, त्यांचा हात हातात धरून नीट टेकवला. लाल. मला हे रोजचं आहे. वय झालं की ठसे जातात, विडी वळणाऱ्या बायकांचे जातात, रोवणी करणाऱ्यांचे जातात. पण मागून आवाज आला, "मैडम, और कितना टाइम?"

सर वळले. दोन्ही पंजे वर करून त्यांनी रांगेला दाखवले. "घासले!" चेहरा असा खुलला होता, की काय मिळालं असावं माणसाला. "पाहा. एकबी रेघ नाही राहिली. सर्व्हिसभर बडवलं ना टाइपरायटर!"

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईनं आपला हात पुढे केला. "माहे बी घासले गुरुजी. विड्या वळून."

सरांनी चष्मा लावला आणि तिची बोटं एकेक करून तपासली. "हाव," म्हणाले. "तुमचे बी झाले."

शेवटी करंगळीनं काम केलं. हिरवा दिवा लागला. मी दाखला काढला आणि खिडकीतून दिला. सरांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत.  चूक निघाली नाही. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि जाता जाता त्या बाईला म्हणाले, "माही विद्यार्थिनी आहे. हिनं लिहून देल्लं, म्हंजे मी जिता आहो."

"पुढचे या," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.